कौतुकात बुडवलेला टोमणा

मार्च 1968 मध्ये अमेरिकेच्या बाजारात एक रेकॉर्ड आली. कव्हरवर पिवळ्या पार्श्वभूमीवर दाढीमिशांचे काही पुरुष बायकांचे झगे घालून, काही गंमत चालली असल्याचा भाव चेहऱ्यावर येऊ न देता उभे होते. कव्हर उघडले की आत बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची नक्कल दिसे. तो अल्बम येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते आणि त्याचे कव्हर जगभरच्या तरुणांना तोंडपाठ होते. बीटल्सनी तिथे फुलांनी नाव लिहिले होते, इथे कलिंगड-गाजरांनी. तिथे निळे आकाश, इथे विजा कडाडणारे आभाळ. अल्बमचे नाव 'वी आर ओन्ली इन इट फॉर द मनी', म्हणजे आम्ही आहोत ते फक्त पैशासाठी. बँड फ्रँक झॅपाचा, 'द मदर्स ऑफ इन्व्हेन्शन'. गरज ही शोधाची जननी असे आपण म्हणतो, तीच ही जननी. मूळ नाव नुसते 'द मदर्स' होते. त्यात कंपनीच्या साहेबांना शिवी ऐकू आली आणि त्यांनी पुढचे शब्द चिकटवायला लावले.

या अल्बमचे गेल्या अर्धशतकात एवढे कौतुक झाले आहे की त्याच्याबद्दल वेगळे काही म्हणायला जागाच उरलेली नाही असे वाटावे. कौतुकाचे सूर मात्र मोजून दोन. एक, या बँडने हिप्पींची अशी टर उडवली की बस. दुसरा, हा अल्बम काळाच्या फार पुढे होता. दोन्ही वाक्ये खोटी नाहीत. पण दोन्ही वाक्ये म्हणणाऱ्याला एक मोठी सोय करून देतात: टोमणा दुसऱ्याला होता, आपल्याला नव्हता. हिप्पी म्हणजे 'ते'. आणि जे काळाच्या पुढे होते ते न कळलेले लोक तर मरूनही गेले. मला वाटते, या अल्बमची सगळी रचना ही सोय ऐकणाऱ्याला मिळू नये म्हणून केलेली आहे, आणि समीक्षेने ती सोय परत मिळवून दिली. शिव्यांनी जे झाले नसते ते प्रशस्तीने झाले.

आधी 'हिप्पींची टर' तपासू. 1967 चा उन्हाळा सॅन फ्रान्सिस्कोत 'समर ऑफ लव्ह' म्हणून साजरा झाला. हेट-ॲशबरी या जुन्या लाकडी घरांच्या वस्तीत त्या काही महिन्यांत लाखभर पोरे येऊन गेली असे सांगतात. ती आपोआप आली नव्हती. केसांत फुले माळून सॅन फ्रान्सिस्कोला या, असे सांगणारे स्कॉट मॅकेन्झीचे लोकप्रिय गाणे मुळात माँटेरेच्या संगीत महोत्सवाच्या प्रसिद्धीच्या खटाटोपातून आलेले होते. ग्रे लाइन या बसकंपनीने त्याच वर्षी हिप्पी दाखवणारी सहल सुरू केली होती. काचेआडून कॅमेरे, फुटपाथवर पोरे. (गोव्यात पुढे कळंगुट-हणजुण्याच्या किनाऱ्यावर देशी पर्यटकांच्या गाड्या याच कुतूहलाने थांबू लागल्या, आणि हणजुण्याचा बुधवारचा बाजार तर आज हिप्पी गेल्यावरही भरतो.) म्हणजे बंड सुरू होऊन पुरते उभेही राहिले नव्हते तोवर त्याचे तिकीट निघाले होते. 'हू नीड्स द पीस कोअर' हे गाणे नेमके याच तिकिटावर आहे. त्यातला तरुण काही दिवस हिप्पी होऊन यायचा बेत आखतो. काय घालायचे, कुठे राहायचे, कसे वागायचे याची त्याच्याकडे यादीच तयार आहे. बंडखोर होण्यासाठी यादी लागते, यातले हसू त्या पोरावर कमी आणि यादी छापणाऱ्यांवर जास्त आहे.

पुढची गाणी ऐकत गेले की हिप्पी हळूहळू बाजूला सरकतात. 'बो टाय डॅडी' अर्ध्या मिनिटाचे, सुटाबुटातल्या, पेल्यात बुडालेल्या बापावर. 'व्हॉट्स द अग्लिएस्ट पार्ट ऑफ युअर बॉडी' हे गाणे शरीराचा सर्वांत कुरूप भाग कोणता असा प्रश्न पोरकटपणे विचारते आणि उत्तर म्हणून मनाकडे बोट दाखवते. 'कॉन्सन्ट्रेशन मून'मध्ये लांब केसांच्या पोरांना डांबणाऱ्या छावण्या आहेत. ही कल्पनेची भरारी नव्हती: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्वतःच्याच जपानी वंशाच्या नागरिकांना काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले होते, आणि अल्बमसोबतच्या मजकुरात झॅपाने त्याची आठवण करून देत कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या नावाची छावणीही उभारली आहे. सर्वांत अंगावर येते ते 'मॉम अँड डॅड'. पोलिसांनी बागेत काही पोरांना मारले आहे. आईबापांना त्याचे विशेष काही वाटत नाही, त्या पोरांचा अवतारच तसा होता. मग कळते की मेलेल्यांत त्यांचीही मुलगी आहे. गाणे थंड, सपाट आवाजात म्हटले आहे. विनोद कुठेही नाही.

याच गाण्यावरून 'काळाच्या पुढे'चा सूर सर्वांत जोरात लागतो. 4 मे 1970 रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळीबार केला, चार जण ठार झाले, आणि तेव्हापासून हे गाणे भविष्यवाणी म्हणून सांगितले जाऊ लागले. पण भविष्य वर्तवले कशाचे? केंट स्टेटनंतर 'न्यूजवीक'साठी गॅलपने चाचणी घेतली, तेव्हा 58 टक्के अमेरिकनांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला. जवानांना दोष देणारे जेमतेम 11 टक्के निघाले. गाण्याचा विषय गोळी नव्हता, हे 58 टक्के लोक होते. ते 1970 मध्ये अचानक उगवले नव्हते, 1967 मध्येही शेजारच्या घरात राहत होते, आणि झॅपाने त्यांच्या दिवाणखान्यात डोकावून पाहिले एवढेच. डॉक्टरने रोग ओळखला तर आपण त्याला ज्योतिषी म्हणत नाही. एखाद्या कलाकृतीला भविष्यवाणी ठरवले की ती एका तारखेला खरी होते आणि तिथेच संपते. निदान म्हटले तर मात्र रोग अजून आहे का हे पाहणे भाग पडते.

हा अल्बम पहिल्यांदा ऐकून चक्रावलेले समीक्षक पुढच्या प्रशंसकांपेक्षा त्याच्या जास्त जवळ गेले होते असे माझे मत आहे. 'रोलिंग स्टोन' हे पाक्षिक नोव्हेंबर 1967 मध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्कोत निघाले, म्हणजे ज्या पिढीची अल्बमने झडती घेतली होती तिचेच ते मुखपत्र. तिथे बॅरेट हॅन्सन यांनी परीक्षण लिहिले. रॉक संगीतातले हे आजवरचे सर्वांत 'पुढारलेले' काम आहे, सर्वोत्तम असेलच असे नाही, असा त्याचा रोख होता. तुकडे फार लहान, वळणे फार अचानक, त्यामुळे ऐकणाऱ्याला कुठे विसावा मिळत नाही, अशी त्यांची कुरबुर होती. हेच हॅन्सन पुढे 'डॉ. डिमेन्टो' या नावाने रेडिओवर अनेक दशके विनोदी आणि विक्षिप्त रेकॉर्ड वाजवत राहिले. तेव्हा विनोद कळत नसल्याचा आरोप त्यांच्यावर कोणी करू नये. त्यांची तक्रार अगदी खरी आहे. फरक इतकाच की ज्याला त्यांनी उणीव म्हटले ती या अल्बमची मुख्य युक्ती आहे. एखाद्या चालीवर पाय ठेका धरू लागला की चाल तोडली जाते, मध्येच टेलिफोनवरचे संभाषण येते, कुणी घोरल्यासारखे, कुणी खिंकाळल्यासारखे आवाज येतात, स्टुडिओतला ध्वनिमुद्रकच कुजबुजत झॅपाच्या सगळ्या टेप पुसून टाकण्याची धमकी देतो. 'फ्लॉवर पंक' हे 'हे जो' या गाजलेल्या गाण्याचे विडंबन. ते ओळखून श्रोता हुशारीच्या आनंदात सैल होतो तोच गाण्याचा वेग आणि ताल त्याच्या पायाखालून काढून घेतला जातो. उपहास करणारा बहुधा प्रेक्षकाला आपल्या बाजूला बसवून घेतो, आपण दोघे शहाणे आणि समोरचा वेडा असा करार करतो. इथे तो करारच होत नाही. हॅन्सन यांना खुर्ची सापडली नाही, आणि त्यांनी ती नसल्याचे प्रामाणिकपणे नोंदवले.

नंतरच्या समीक्षकांना खुर्ची सापडली. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांच्यासारख्या तिखट लेखकानेही पुढे मागे वळून पाहताना याला वरची श्रेणी दिली आणि स्वच्छंदी जीवनशैली सर्वत्र पसरल्यावर हा हल्ला जुना न वाटता उलट आपल्या जागी बसला, अशा आशयाचे लिहिले. निरीक्षण चोख आहे. पण ज्याचा धंदाच रॉक ऐकून मत विकण्याचा, त्याने हल्ल्याच्या टप्प्यात स्वतःला कुठे धरले हे त्यात दिसत नाही. मग याद्या आल्या. 'रोलिंग स्टोन'ने 2003 मध्ये सर्वकाळच्या श्रेष्ठ 500 अल्बमची यादी केली, त्यात हा पहिल्या तीनशेत होता. 2005 सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला स्थान दिले, म्हणजे अमेरिकेच्या सांस्कृतिक वारशाचा भाग म्हणून सरकारी शिक्का बसला. ज्या रेकॉर्डमध्ये त्याच सरकारच्या छावण्यांवर गाणे आहे तिच्यावर. याच्या उलट उदाहरण पाहा: झॅपाच्याच आधीच्या एका गाण्यावरून प्रागमधल्या 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या बँडने नाव घेतले होते. 1976 मध्ये तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने त्यांच्यातल्या काहींवर खटला भरून तुरुंगात टाकले आणि त्या खटल्यातूनच व्हात्स्लाव हावेल आदींचा मानवी हक्कांचा 'चार्टर 77' जाहीरनामा उभा राहिला. दडपशाहीला टोमणा आपल्यालाच आहे हे लगेच कळते, तिला सांस्कृतिक वारसा वगैरे सुचत नाही. मी तुरुंगाची बाजू घेत नाही, पण ऐकण्याची कसोटी लावली तर प्रागच्या पोलिसांनी नीट ऐकले होते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत नैसर्गिक आक्षेप ढोंगाचा. झॅपा त्याच हिप्पींना तिकिटे विकत होता, 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या गॅरिक थिएटरात महिनोन्महिने त्याच पोरांसमोर वाजवत होता, आणि मोठ्या सिनेकंपनीच्या मालकीच्या व्हर्व्ह लेबलकडून रेकॉर्ड काढत होता. मग दुसऱ्यांच्या बाजारूपणावर बोलायचा त्याला अधिकार काय? या आक्षेपाचे उत्तर कव्हरवर छापलेले आहे. 'आम्ही' फक्त पैशासाठी आहोत असे नाव आहे, 'ते' नाही. ही नुसती चलाखीही नव्हती. बीटल्सच्या कव्हरच्या नकलेसाठी झॅपाने पॉल मॅकार्टनीला फोन केला तेव्हा हे आमचे व्यवस्थापक पाहतात असे उत्तर मिळाले, अशी हकीकत त्याने पुढे सांगितली आहे. व्यवस्थापकाला काय करायचे ते कलाकाराने सांगायचे असते, असे झॅपाचे त्यावर म्हणणे. परवानगीच्या घोळात महिने गेले आणि घाबरलेल्या कंपनीने शेवटी कव्हरची घडी उलटी केली. बाहेरची नक्कल आत गेली, आतला झग्यांचा फोटो बाहेर आला. प्रेमाच्या उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या रेकॉर्डवर हसायचे तर वकिलांना विचारावे लागते, हा किस्सा अल्बममधल्या कुठल्याही गाण्याइतका उपहासात्मक आहे, आणि तो कुणी लिहिलेला नाही.

कंपनीच्या कात्रीचीही गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण टोमणा कसा चुकवला जातो याचा तो पहिला नमुना आहे. एका गाण्यात हॉटेलात काम करणारी आई ॲप्रन आणि पॅड घेऊन उभी असल्याचा उल्लेख होता. पॅड म्हणजे ऑर्डर लिहायची वही. साहेबांना त्यात भलतेच दिसले आणि ओळ गेली. 'मदर पीपल'मधले एक कडवे कापावे लागले, ते झॅपाने पहिल्या बाजूच्या शेवटी उलटे वाजवून घुसडले. पोलिसांनी पोरांना मारल्याचे गाणे मात्र जसेच्या तसे राहिले, छावण्यांचे गाणेही राहिले. कात्री लावणाऱ्यांना शब्द ऐकू येत होते, वाक्ये नाही. हॉलंडमध्ये या अल्बमला पुरस्कार द्यायचे ठरले तेव्हा झॅपाला आपल्या नकळत आणखी काय काय कापले गेले ते कळले, आणि पुरस्कार कात्री चालवणाऱ्यालाच द्या, ही कामगिरी माझ्यापेक्षा त्याची जास्त आहे, अशा अर्थाचे सांगून त्याने तो नाकारला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 1967-68 मध्ये ही पोरे व्हिएतनामच्या युद्धात मरत होती, निदर्शनांत लाठ्या खात होती. अशा वेळी मार खाणाऱ्यावर हसायचे? उपहासाने वर पाहावे, खाली नाही. हे मान्य केले तरी दोन गोष्टी उरतात. हेट-ॲशबरीतल्या जाणत्या मंडळींनी स्वतःच 6 ऑक्टोबर 1967 रोजी 'हिप्पी'ची शवपेटी खांद्यावर घेऊन अंत्ययात्रा काढली होती. त्यांची तक्रारही हीच की वर्तमानपत्रांनी आणि दुकानदारांनी आमच्या जगण्याचे नाव चोरले. अल्बम बाजारात आला तो या अंत्ययात्रेनंतर पाच महिन्यांनी. म्हणजे झॅपाचे म्हणणे बाहेरून मारलेला दगड नव्हते, आतल्या भांडणातला एक आवाज होता. दुसरे असे की बंडाचा माल करणाऱ्यांना त्यातून धडा मिळाला असेही दिसत नाही. 1968 च्याच अखेरीस कोलंबिया रेकॉर्ड्सने कोठडीत बसलेल्या तरुणांचे चित्र छापून, सत्ता आमचे संगीत बंद पाडू शकत नाही, अशा अर्थाची जाहिरात केली. ती जाहिरात करणारी कंपनी देशातल्या सर्वांत मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपैकी एक. मार खाणाऱ्या पोराला त्याचाच मार विकला जात असेल तर ते त्याला सांगणे म्हणजे खाली पाहून हसणे होत नाही.

तरी एका जागी हा आक्षेप लागू पडतो आणि तिथे सारवासारव करू नये. 'हॅरी, यू आर अ बीस्ट'मध्ये अमेरिकन स्त्रीच्या कृत्रिमपणावर जी झोड उठवली आहे तिच्यात अल्बमच्या इतर भागांतली समज नाही. तिथे झॅपा खुर्चीवर बसतो, पुरुष श्रोत्यालाही शेजारी बसवतो, आणि नेहमीचा करार होतो: आपण शहाणे, ती वेडी. तो तुकडा आज ऐकताना जुना वाटतो तो केवळ मते बदलली म्हणून नव्हे. उपहास म्हणूनच तो ढिला आहे. सत्तरच्या दशकानंतर झॅपाचे बरेच लेखन याच ढिलाईकडे घसरले, हे त्याच्या भक्तांनी मान्य करायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा: विडंबन मूळ कृतीवर जगते, मूळ विसरले की विडंबन मरते. मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. अत्र्यांची 'झेंडूची फुले' 1925 ची; त्यातल्या कितीतरी कवितांचे मूळ आज अभ्यासकांनाच माहीत आहे, तरी पुस्तक वाचले जाते, कारण अत्र्यांचा नेम एका कवितेपेक्षा कवी म्हणून मिरवण्याच्या तऱ्हेवर होता. झॅपाचे मूळ तर विसरलेलेही नाही. बीटल्सचा तो अल्बम आजही विकला जातो. पण समजा विसरला, तरी 'यादी वाचून बंडखोर होणे' ही तऱ्हा काही संपायची नाही.

एक गोष्ट कौतुक करणाऱ्यांच्या बाजूनेही नोंदवायला हवी, कारण अल्बम सांभाळायचे काम त्यांच्याइतके चांगले त्याच्या कर्त्यालाही जमले नाही. 1984 मध्ये झॅपाने मूळ टेप खराब झाल्याचे सांगून जुने बास आणि ड्रम काढून टाकले आणि नव्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतले. साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर ऐंशीच्या दशकाचे कोरडे, चकचकीत ठोके बसले. सीडीवर हेच रूप आले तेव्हा चाहते खवळले. मूळ मिश्रण सीडीवर परतले ते 1995 मध्ये. तोवर झॅपा जाऊन वर्षाहून अधिक काळ लोटला होता. ज्या चाहत्यांना मी वर बोल लावला त्यांच्याच हट्टामुळे आज मूळ अल्बम ऐकता येतो.

तो ऐकताना शेवटच्या तुकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. 'द क्रोम प्लेटेड मेगाफोन ऑफ डेस्टिनी' यात शब्द नाहीत. आधुनिक संगीतकार एडगार व्हारेझच्या वळणाचे ओरखडे, पियानोच्या तारांवरचे घुमणारे आवाज आणि मोडून-तोडून टाकलेले हसणे आहे. बहुतेक परीक्षणे इथे आधुनिक संगीताचा प्रभाव अशी नोंद करून पुढे जातात. रेकॉर्डसोबत मात्र स्पष्ट सूचना छापलेली आहे: हा तुकडा लावण्याआधी काफ्काची 'इन द पीनल कॉलनी' ही कथा वाचा. त्या कथेत एक यंत्र आहे, ते गुन्हेगाराच्या अंगावर त्याने मोडलेला नियम सुयांनी कोरते, आणि ते चालवणारा अधिकारी पाहुण्याला त्याची थोरवी अभिमानाने समजावून सांगतो. शेवटी कैदी सुटतो, यंत्राखाली तो अधिकारी स्वतःच आडवा पडतो. पाहुणा हे सारे पाहतो आणि पहिल्या मिळेल त्या होडीने बेट सोडून निघून जातो.